काकू, तुमच्या पेन्सिलीतल्या प्रश्नांसाठी

प्रिय काकू,

सादर नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. नागपूरच्या महाल भागातल्या, तुम्ही सांभाळता त्या आपल्या वाचनालयात आजकाल येणारी बहुतेक पोरं-पोरी थेट वरच्या अभ्यासिकेत जातात. खालचं कपाट कोणी उघडूनसुद्धा बघत नाही. त्यांच्यापैकी एकानं जरी हे वाचून खाली डोकावलं तरी पुष्कळ झालं.

आठवीपर्यंत मी बालविभागातली. तिथलं संपलं, 'किशोर'च्या जुन्या अंकांचे गठ्ठेही संपले. पुढे काय? तर राक्षस आणि पऱ्या आटोपल्या की एकदम पेशवाई, तीही पाचशे पानी. मधे काहीच नाही. बाकीच्या वाचनालयांतही मी हेच बघितलं आहे: बारा वर्षांपर्यंत तुम्ही बाळ, त्यानंतर थेट सभासद. तुम्ही लोखंडी कपाटातला खालचा कप्पा रिकामा केलात आणि पुठ्ठ्यावर स्केचपेननं 'तेरा ते एकोणीस' लिहून चिकटवलंत. मिलिंद बोकिलांची 'शाळा', प्रकाश नारायण संतांचं 'वनवास', ॲन फ्रँकची डायरी मराठीत, आणि बर्डीवर जुन्या पुस्तकांत सापडलेली दोन-चार इंग्रजी पुस्तकं. 'शाळा' काही मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं, ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तू नववीत आहेस न? मग तुझीच आहे ते. ने."

अट एकच होती. पुस्तक परत देताना आत एक पाठकोरा कागद ठेवायचा. "गोष्ट लिहू नको, गोष्ट मला माहीत आहे. वाचून तुला काय झालं ते लिही."

हे सोपं नव्हतं हो. शाळेत 'मला आवडलेले पुस्तक' हा निबंध आम्ही दरवर्षी लिहायचो. त्यात पहिल्या परिच्छेदात लेखक, मधे कथानक, शेवटी बोध. बोध नसला तर मार्क कापले जायचे. आणि पुस्तक आवडलेलंच असायला हवं, कारण 'मला न आवडलेले पुस्तक' असा विषय मी तरी कधी प्रश्नपत्रिकेत पाहिला नाही.

'शाळा'वरची माझी चिठ्ठी रागाची होती. ती कादंबरी नववीतला जोशी सांगतो, आणीबाणीच्या दिवसांतली. त्याला आवडणारी शिरोडकर कुठल्या रस्त्यानं जाते, क्लासला कधी येते, कशी बघते, सगळं तो सांगतो. पण तिच्या मनात काय चाललंय, ते त्याला वाटेल तेवढंच आपल्याला कळतं. आमच्या क्लासच्या गेटवर तेव्हा असे दोन जोशी रोज उभे राहायचे आणि त्यांच्यावर कादंबरी लिहावी असं आम्हा मुलींपैकी कोणालाच वाटत नव्हतं. हे सगळं मी तावातावानं लिहिलं. मला वाटलं, आता तुम्ही बोलावून सांगणार की बेटा, हे फार मोठं पुस्तक आहे, मोठी झालीस की समजेल. चिठ्ठी परत आली तर मागे पेन्सिलीनं एवढंच: "बरोबर. आता मला सांग, जोशीला जे कळत नाही ते लेखकाला कळतंय का?"

या एका प्रश्नापायी मी ती अख्खी कादंबरी परत वाचली. मे महिना, कूलरचा आवाज, आई ओरडते आहे की गच्चीवरचे पापड कोण उचलणार. दुसऱ्या वेळी मला ठिकठिकाणी दिसायला लागलं की जोशी स्वतःच्याच तोऱ्यात आहे आणि मागे उभं राहून कोणीतरी त्याच्याकडे बघतंय. राग पूर्ण गेला नाही. पण सांगणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, हे मला कुठल्याही मराठीच्या तासाला समजलं नव्हतं.

ॲनच्या डायरीनं रडू येईल असं सगळ्यांनी बजावलं होतं. मला मधेमधे चक्क हसू आलं. नाझींपासून लपून राहताना डसेल नावाच्या दंतवैद्याबरोबर तिला एका खोलीत राहावं लागतं (खरं नाव फेफर, तिनं बदललेलं) आणि आठवड्यातल्या दोन दुपारी लिहायला टेबल मिळावं म्हणून ती त्याच्याशी भांडते. शेवटी वडिलांना मधे पडावं लागतं. आमच्या घरी टेबल एकच, त्यावर आईचं शिलाईचं सामान, म्हणून मी लिहिलं: ही मुलगी शूर आहे ते ठीक, पण मला आवडली ती टेबलासाठी भांडते म्हणून. त्यावर तुम्ही पहिल्यांदाच चार ओळी लिहिल्यात. मार्च 1944 मध्ये लंडनहून एक डच मंत्री रेडिओवर बोलला की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं जमा करायला हवीत. ते ऐकून ॲननं आपली डायरी छापण्यासाठी म्हणून नव्यानं लिहायला घेतली. आणि टेबलाचं भांडण त्यातही ठेवलं. म्हणजे पंधराव्या वर्षाच्या आसपास तिनं ठरवलं की हे जगानं वाचण्यासारखं आहे. मला तर माझी डायरी आईच्या हाती लागली तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

'वनवास'बद्दल कमी लिहिते, कारण लंपनवर मी काही टीका केलेली तुम्हाला खपत नाही. एवढंच, की तो पोरगा आपल्या बेळगावकडच्या बोलीत इतका बिनधास्त बोलतो, ते वाचून मी पुढची चिठ्ठी घरच्या भाषेत लिहिली, 'काऊन' आणि 'करून राहिली'सकट. तुम्ही ती दुरुस्त केली नाही.

आता त्या इंग्रजी पुस्तकांपैकी 'द आउटसायडर्स' ही कादंबरी. सेमी इंग्लिशची मुलगी मी, पहिली वीस पानं डिक्शनरी घेऊन बसले, मग डिक्शनरी विसरले. एस. ई. हिंटन ही मुलगी आहे, शाळेत असतानाच तिनं हे लिहायला घेतलं, 1967 मध्ये पुस्तक आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि मुलीनं लिहिलंय म्हणून समीक्षकांनी उडवून लावू नये यासाठी नुसती आद्याक्षरं छापली, हे तुम्हीच आतल्या पानावर लिहून ठेवलं होतं. सगळ्यांना त्यातला गोष्ट सांगणारा पोनीबॉय आवडतो. मी अर्धं पान त्याच्या मोठ्या भावावर, डॅरीवर खरडलं होतं: सतत ओरडतो, सतत अभ्यास, बाहेर जाऊ नको, उशीर काऊन झाला. तुमचा प्रश्न होता, "डॅरी किती वर्षांचा आहे ते बघ."

वीस. आईवडील अपघातात गेलेले, कॉलेज राहून गेलेलं, दिवसभर अंगमेहनतीचं काम, घरी दोन धाकटे भाऊ. बाबांचं काम सुटलं तेव्हा माझा दादाही वीसचाच होता, आणि इंजिनिअरिंग सोडून बुटीबोरीला कंपनीत शिफ्टमध्ये लागला. तुम्ही त्याला ओळखता. चिठ्ठीत त्याचं नावसुद्धा काढलं नाहीत. मी त्या रात्री दादा सेकंड शिफ्टहून येईपर्यंत जागी राहिले आणि त्याला पोळ्या गरम करून दिल्या. त्यानं विचारलं, "काय पाहिजे तुला?"

मधे ऐकलं की तो कप्पा स्पर्धा परीक्षेच्या गाइडांना द्यावा अशी सूचना आली होती. गाइडं हवीतच, माझी मावसबहीण त्यावरच बसली आहे. पण 'वर जागा करा, खाली हात लावू नका' असं तुम्ही बैठकीत म्हणालात, हे मला शिपाईकाकांनी सांगितलं. त्याबद्दल वेगळे आभार.

तुम्ही म्हणाला होतात की ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, कपड्यांचे पैसे वाचव आणि तिथे जा. गेले. उर्मिला पवारांचं 'आयदान' घेतलं. तेही पोरींसाठी म्हणून लिहिलेलं नाही, पण त्यातली शाळकरी मुलगी आपल्या कप्प्यात बसते असं माझं मत आहे. वाचून झालं की त्या कप्प्याला माझ्याकडून देते.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून पटलेलं नाही. (ज्यांना 'द आउटसायडर्स' वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबा.) अख्खं पुस्तक म्हणजे पोनीबॉयनं इंग्रजीच्या सरांसाठी लिहिलेला निबंध, हे शेवटी कळतं. तुम्ही म्हणता ती लेखिकेची युक्ती आहे, आणि जरा स्वस्त. मला ती मुळीच स्वस्त वाटत नाही. पेपर संपले की येते, मग बोलू. पेन्सिल तयार ठेवा, माझी चिठ्ठी या वेळी दोन पानी आहे.

तुमची,
'तेरा ते एकोणीस'मधली, सध्या बारावी