पोहण्याच्या पूलचं पाणी निवळून देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

कामाचे पैसे मिळाले, हिशेब मिटला, असं तुम्ही म्हणाल. पण जाता जाता जे शिकवून गेलात त्याचं बिल तुम्ही लावलंच नाही, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण पूल सांभाळणारे आणखीही लोक आहेत.

तुमच्या आधी जे कुणी येत, ते पाण्याचा रंग पाहून थेट औषधाचा डबा उघडत. तुम्ही पाण्याकडे वळायच्या आधी पंपाच्या खोलीत गेलात आणि फिल्टरचं प्रेशर गेज पाहिलंत. फिल्टर स्वच्छ असताना काटा कुठे असतो हे लिहून ठेवा, म्हणालात. त्याच्या 8 ते 10 पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा. खाली आला तर फिल्टरला दोष न देता पंपाच्या अलीकडे शोधायचं: स्किमरची (काठावरून वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडाची) जाळी, पंपाची जाळी, झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी). पूलमध्ये बुडबुडे येत होते, म्हणजे कुठून तरी हवा ओढली जात होती. पंप चालू ठेवून तुम्ही सांध्यांवर दाढीचा फेस लावलात आणि एका सांध्यावर तो आत खेचला गेला. खरं सांगतो, हे बघायला मुलं हवी होती!

आणि मग पाणी. क्लोरीन 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग), म्हणजे अगदी हवं तेवढं, तरी शेवाळ वाढतंच होतं. हे कोडं तुम्ही सोडवलंत. टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या नेहमीच्या, गोळ्यांतून क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं, दर 10 पीपीएम क्लोरीनमागे साधारण 6 पीपीएम. थोडं असणं चांगलंच, उघड्यावरच्या पूलमध्ये ते नसेल तर उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. पण क्लोरीन खर्च होतं आणि हे मात्र साठत राहतं. 30 ते 50 पीपीएमच्या फार वर गेलं की क्लोरीनला धरून ठेवतं. चाचणीत क्लोरीन दिसतं, काम मात्र करत नाही. यावर औषध नाही, थोडं पाणी काढून नवीन भरायचं, एवढंच. औषधं विकू शकणाऱ्या माणसाने हे सांगावं, याचं मला फार कौतुक वाटलं.

पीएचचंही तसंच. 7.5 ला जे क्लोरीन जोमाने काम करतं, त्याचा जोर 8 ला निम्म्याहून कमी होतो, त्यामुळे आधी पीएच 7.2 ते 7.8 मध्ये आणा, मग क्लोरीनचं बघा. डोळे चुरचुरले, उग्र वास आला की ‘क्लोरीन जास्त झालं’ अशी ओरड होते. तो वास बहुतेक वेळा घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो, आणि तिथे क्लोरीन कमी करून नाही, नीट वाढवून भागतं. हे सभासदांना पटवायचं काम अजून चालू आहे. पोहण्याआधी अंघोळ करा, हे पटवणं त्याहून अवघड.

काही गोष्टींवर मात्र तुम्ही आवाज चढवला होता. वेगवेगळ्या प्रकारचं क्लोरीन एका भांड्यात घ्यायचं नाही, ॲसिड पाण्यात घालायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही, आणि पंप चालू असताना फिल्टरच्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचा नाही. ठळक अक्षरांत लिहून खोलीत लावलंय.

सध्या पाण्याची पातळी रोज थोडी उतरतेय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली आहे, आतबाहेर सारख्या पातळीवर खुणा केल्या आहेत. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते ऊन. पूलमध्ये जास्त उतरलं, म्हणजे गळती असली, तर उद्या फोन येईल, तेवढा उचला.

तुमचा ऋणी,
पूल समितीतला एक सभासद