फोटो नको, काउंटीचे नाव छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या एखाद्या मुलाला तिकडे अटक झाली की आपल्याकडे बातमी येते ती बहुतेकदा फोटोसकट. भिंतीपुढे उभा केलेला, झोप न झालेला चेहरा. खाली नाव, वय आणि आरोप. हा फोटो पुष्कळदा कोणा वार्ताहराने धडपड करून मिळवलेला नसतो. तिथल्या काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, शेरीफने तो तुरुंगातल्या कैद्यांच्या यादीत ठेवलेला असतो आणि ती यादी कोणीही फुकट पाहू शकतो. ती कशासाठी ठेवतात आणि घाबरलेल्या घरच्यांना तिचा काय उपयोग होतो, हे मात्र बातमीत नसते. म्हणून हे पत्र.

मी न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालो. रिमांडचे कागद रोजच हाताखालून जात. मुलगी इलिनॉय राज्यात नेपरव्हिलला असते, त्यामुळे तिकडे जाणे-येणे होते. तिथल्या मराठी घरांत हा विषय दबक्या आवाजात निघतो आणि कोणावर वेळ आली की "काका, तुम्ही कोर्टात होतात ना?" म्हणून विचारणा होते.

आपल्याला शेरीफ माहीत तो मुंबईचा, म्हणजे नगरपाल. मानाचे पद, कामाचा भार नाही. अमेरिकेतला शेरीफ बहुतेक राज्यांत मतदारांनी निवडून दिलेला असतो आणि काउंटीचा तुरुंग बहुधा त्याच्या ताब्यात असतो. अटक शहर पोलिसांनी केली तरी पुढे माणूस जातो तो या तुरुंगात. शिक्षा झालेल्यांचे मोठे तुरुंग राज्याचे किंवा केंद्राचे, ते वेगळे. काउंटीत असतात ते खटल्याची वाट पाहणारे आणि वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे. त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक लोकांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो. आपल्याकडे कच्च्या कैद्यांचे प्रमाण तीनचतुर्थांशाच्या आसपास आहे, तेव्हा नाक मुरडायला आपल्याला जागा नाही.

दाखल करून घेताना नाव, जन्मतारीख, बोटांचे ठसे, फोटो, अंगझडती, जवळच्या वस्तूंची यादी आणि तब्येतीची चौकशी होते. हेच बुकिंग. त्यात लिहिलेला आरोप पोलिसांचा असतो. खटला कोणत्या कलमाखाली भरायचा, भरायचा की नाही, हे सरकारी वकील नंतर ठरवतो. २४ ऑगस्ट २०२३ रोजी अटलांटाच्या फुल्टन काउंटीत डोनाल्ड ट्रम्प यांचे असेच बुकिंग झाले. कैदी क्रमांक, उंची सहा फूट तीन इंच, वजन २१५ पौंड, सगळे नोंदले गेले. फोटो जगभर छापून आला. खटला मात्र सुनावणीला उभा न राहताच २०२५ च्या नोव्हेंबरात रद्द झाला. बुकिंगच्या कागदाची किंमत एवढीच, मग माणूस कोणीही असो.

आता शोधायचे कसे. पहिली गाठ काउंटीशी. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि सगळ्यांची मिळून एक यादी नाही. शहराचे नाव पुरत नाही. आमचे नेपरव्हिलच दोन काउंट्यांत पसरले आहे: ड्यूपेजचा तुरुंग व्हीटनला, विलचा जोलिएटला. टेक्सासमधले फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन या काउंट्यांत विभागलेले. अटक कुठल्या रस्त्यावर झाली हे कळले तर काउंटी कळते. मुलगा राहतो कुठे यावर ती ठरत नाही. काही ठिकाणी शेरीफचा तुरुंगाशी संबंधच नसतो. न्यूयॉर्क शहरात रायकर्स बेट शहराच्या स्वतंत्र तुरुंग खात्याकडे आहे. टेक्सासमध्ये अनेक शहरांची स्वतःची कोठडी असते आणि माणूस आधी तिथे राहून मग काउंटीत जातो. यादीत नाव नाही म्हणजे अटक झाली नाही, असे समजू नये. बुकिंगला काही तास लागतात आणि नाव त्यानंतरच चढते.

काउंटीच्या शेरीफच्या अधिकृत संकेतस्थळावर कैदी शोधण्याची सोय असते. तिथे आडनाव आणि नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाकावीत, पूर्ण नाव नको. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पहिल्या नावाच्याच रकान्यात असते. तिकडच्या कारकुनाने ते कसे तोडले असेल याचा नेम नाही. जन्मतारखेत तिकडे महिना आधी लिहितात. नोंद सापडली की बुकिंग क्रमांक उतरवून घ्यावा. पुढे वकील असो वा वकिलात, सगळे तोच विचारतात. पुष्कळ याद्यांत जामिनाची रक्कम आणि कोर्टाची पुढची तारीखही मिळते. इलिनॉयमध्ये मात्र जामिनाचा आकडा शोधू नये. सप्टेंबर २०२३ पासून तिथे पैसे भरून जामीन ही पद्धतच बंद झाली आहे. सोडायचे की ठेवायचे ते न्यायाधीश ठरवतात. काउंटीच्या यादीत माणूस नसेल आणि व्हिसाचा प्रश्न असेल तर इमिग्रेशन खात्याच्या आइस या विभागाची वेगळी यादी आहे. तिथे नावासोबत जन्माचा देश द्यावा लागतो.

तुरुंगात फोन करून "माझ्या मुलाला द्या" म्हणता येत नाही. फोन आतून बाहेर येतो आणि तो ध्वनिमुद्रित होतो. आईवडील नेमके त्याच फोनवर "नक्की काय झालं ते सांग" म्हणून खोदून विचारतात आणि तो बिचारा सगळे सांगून टाकतो. विचारायचे ते एवढेच: बरा आहेस ना, वकील मिळाला का, वकिलातीला कळवायला सांगितलेस का?

वकिलातीचा मुद्दा आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला, तुझ्या वकिलातीला कळवू का, असे विचारावे लागते. काही देशांच्या नागरिकांबाबत कळवणे बंधनकारकच आहे. भारत त्या देशांत नाही. आपला मुलगा लाजेने "नको" म्हणाला की गोष्ट तिथेच थांबते. अशा वेळी घरच्यांनी काउंटी आणि बुकिंग क्रमांक हाती घेऊन वकिलातीला स्वतः लिहावे.

या याद्या भामटेही वाचतात. नाव, आरोप, रक्कम पाहून नातेवाइकांना फोन जातो: शेरीफच्या कचेरीतून बोलतोय, तासाभरात पैसे भरा, गिफ्ट कार्डाचे नंबर सांगा. कुठलीही शेरीफ कचेरी गिफ्ट कार्डावर जामीन घेत नाही. दुसरी जात उघडउघड धंदा करणाऱ्यांची. बुकिंगचे फोटो उचलून आपल्याकडे लावायचे आणि काढून टाकायला पैसे मागायचे. अशा एका कंपनीच्या चालकांवर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात खंडणीचे आरोप ठेवले गेले. अधिकृत यादी फुकट असते. कोणी पैसे मागितले की ती यादी शेरीफची नाही, एवढे ओळखावे.

फोटो जाहीर करावा का, यावर खुद्द अमेरिकेतही एकमत नाही. फ्लोरिडात नोंदी बऱ्याच खुल्या. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलून तपासाची गरज असल्याशिवाय बुकिंगचे फोटो देणे थांबवले. हिंसक नसलेल्या गुन्ह्यात पकडलेल्यांचे फोटो पोलिसांनी आणि शेरीफने समाजमाध्यमांवर टाकू नयेत, असा कॅलिफोर्नियाचा कायदा २०२२ पासून लागू आहे. ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीच्या शेरीफच्या संकेतस्थळावर एकेकाळी दिवसाचा सर्वोत्तम फोटो निवडायला लोक मते देत! त्याच काउंटीविरुद्धच्या एका दाव्यात २०२४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने, खटल्याआधी असा फोटो टांगणे ही शिक्षाच ठरू शकते, असे म्हटले.

यादी खुली असण्याला माझा विरोध नाही, उलट मी तिच्या बाजूचा आहे. माणूस रात्री उचलला आणि कुठे ठेवला ते कोणाला ठाऊक नाही, ही परिस्थिती त्याहून वाईट. आपल्याकडे डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखून, अटकेची माहिती १२ तासांत नियंत्रण कक्षाला द्यावी आणि तिथल्या फलकावर लावावी, असे सांगितले. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात अशी माहिती ठळकपणे लावण्याची तरतूद आहे. तो फलक किती ठाण्यांत वाचता येईल असा लावला आहे, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा पाहावे. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

विनंती इतकीच. अमेरिकेतल्या अटकेची बातमी देताना तो फोटो वगळावा. आरोप पोलिसांचा आहे की सरकारी वकिलाने खटला दाखल केला आहे, ते लिहावे. फोटोच्या रिकाम्या जागेत काउंटीचे नाव, तुरुंग शेरीफकडे आहे की दुसऱ्या खात्याकडे, आणि त्या भागासाठीची भारतीय वकिलात कोणत्या शहरात आहे, एवढे छापावे. पुढे खटला रद्द झाला तर तेही, पहिली बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा