पैठणच्या दोस्ताला, ईमेलच्या भानगडीबद्दल

लातूर, शुक्रवार रात्र

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर म्हणालास, "गिऱ्हाइकांना ईमेल पाठवायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, एका शब्दात सांग." एका शब्दात सांगता आलं असतं तर गेल्या दिवाळीत मी तोंडावर पडलो नसतो. म्हणून सवडीनं लिहायलोय. वहिनींनाही वाचून दाखव. हिशेब त्या बघतात, तू नुसता साड्यांचे फोटो काढत फिरतोस.

आधी माझी फजिती. आपले येसर आणि काळं तिखट हे मसाले पुण्या-मुंबईला जायला लागले तसं मला वाटलं, आता सुटलोच. एका माणसानं पेनड्राइव्हमध्ये वीस हजार ईमेल पत्ते आणून दिले, "सगळी चांगल्या घरची गिऱ्हाइकं" म्हणून. सगळे एका दमात चढवले, मेल सोडला आणि गंजगोलाईत चहा पीत बसलो. संध्याकाळपर्यंत परत आलेल्या मेलचा ढीग, आणि मेल पाठवणाऱ्या कंपनीनं आमचं खातंच बंद केलं. तेवढ्यावर भागलं नाही. पुढं कितीतरी दिवस आमच्या डोमेनवरून (ईमेल पत्त्यात @ च्या पुढं असतं ते नाव) जाणारी साधी ऑर्डरची पावतीसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये पडायची. कोथरूडच्या एक काकू आहेत, दर महिन्याला अर्धा किलो येसर नेणाऱ्या. त्यांचा फोन आला, "पैसे घेतलेस आणि पावती नाही, पळून गेलास का काय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ.

पत्ते विकत घेऊ नकोस, एवढं आधी. तुझ्या दुकानातल्या त्या लाल वहीत जी नावं आहेत तीच तुझी पुंजी. त्यांनाही एकदा "मेल पाठवला तर चालेल ना?" असं विचारून घे.

आता तुझा प्रश्न. सगळे विचारतात सोयी किती, टेम्प्लेट किती. मी म्हणतो, आधी बघ की गिऱ्हाईक परत कधी येतं. माझं येसर महिन्या-दोन महिन्यांत संपतं, म्हणून मी त्याच माणसाला वरचेवर लिहितो. तुझी पैठणी घेणारी बाई लग्नाला घेते, मग पुढचं लग्न निघेपर्यंत गप्प. म्हणजे तुझी यादी वाढत जाणार आणि मेल मात्र वर्षाला पाच-सहा. पुष्कळ कंपन्या यादीतल्या डोक्यांवर पैसे घेतात, मेल पाठव नाहीतर नको पाठवू. काहींकडं तर 'मला नको' म्हणून निघून गेलेलं डोकंही मोजलं जातं. किमतीच्या पानावर हे बारीक अक्षरात असतं, तेवढं वाच. तुला पाठवलेल्या मेलवर पैसे घेणारी कंपनी परवडेल. ब्रेवो तशी आहे, फ्रान्सची, 2023 पर्यंत तिचं नाव सेंडिनब्लू होतं. फुकटच्या योजनेत रोज 300 मेल जातात, म्हणजे तुझी यादी चार-पाच दिवसांत वाटून पाठवलीस तरी सुरुवातीला खिशाला हात लागणार नाही.

मेलचिंपचं नाव तू घेतलंस. नाव मोठं आहे, इंट्यूटनं 2021 मध्ये बाराएक अब्ज डॉलर मोजून घेतली ती. एकेकाळी 2,000 पत्त्यांपर्यंत फुकट होती, पुढं तो आकडा घसरत गेला. फुकटावर विसंबून घर बांधू नये, यादी मात्र कधीही फाइलमध्ये उतरवून घेता आली पाहिजे. चेन्नईच्या झोहोचं कॅम्पेन्सही बघून ठेव, बिल रुपयांत येतं. कार्डानं बिल भरायची वेगळीच कटकट: ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डातून आपोआप पैसे कापायला तुझी मंजुरी लागते, ती हुकली की ऐन लग्नसराईत खातं अडकायचं.

दुसरं, कंपनी कोणतीही घे, डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी कर. पहिली म्हणजे 'माझ्या नावानं कोणी पाठवायचं' याची यादी, दुसरी म्हणजे लखोट्यावरचा शिक्का, तिसरी म्हणजे खोटा लखोटा सापडला तर काय करायचं त्याचा हुकूम. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झालेत. दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जास्त अटी आहेत, तू तिथवर जायचा नाहीस, पण शिक्का असलेला बरा. आणि 'नको' म्हणायचं बटण ठळक ठेव. लपवलंस तर लोक स्पॅमचं बटण दाबतात, ते फार महागात पडतं.

एक बारकी गोष्ट कुणी सांगत नाही. जीमेल 102 केबीच्या पुढचा मेल कापतं, फोटो त्यात धरत नाही, पण मजकूर आणि त्यामागचा कोड धरतं. देवनागरीचं एकेक अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं. त्यात तू वर्डमधून चिकटवणार, म्हणजे सोबत सगळा कचरा. शेपूट कापलं की तळाचं ते 'नको'चं बटणही गेलं. आधी स्वतःला पाठव, वहिनींच्या जुन्या मोबाइलवर उघडून बघ.

'किती जणांनी उघडला' या आकड्यानं मात्र हुरळून जाऊ नकोस. 2021 पासून ॲपलच्या फोनवरच्या मेल ॲपमध्ये मेल बहुधा आपोआपच उघडल्यासारखा मोजला जातो. दुकानात फोन किती आले ते मोज.

लिहायचं काय? सवलत-सवलत ओरडू नकोस, पैठणीला ते शोभत नाही. साडी घेतल्यावर दोन महिन्यांनी एक मेल आपोआप जाऊ दे: मलमलच्या कापडात गुंडाळा, अधूनमधून घडी बदला, नाहीतर जरीची तार घडीवरच मोडते. डांबरगोळी जरीला लावू नका. हे तुझी आई प्रत्येक बाईला उंबऱ्यापर्यंत जाऊन सांगायची, आठवतं? तसंच लिही, आईच्याच शब्दांत.

नाथषष्ठीला मी येतो म्हणालो होतो, पण त्याआधी तूच येळवसीला, वेळा अमावास्येला, इकडं ये. लॅपटॉप आण, डोमेनचा पासवर्ड आण. शेतात कोपीपाशी बसून त्या तीन नोंदी करून टाकू. भज्जी आणि आंबिलीची सोय आई करायलीय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
लातूरवाला