सामाईक सातबारा आणि वाटणी यांच्या मधली एक वाट कायद्यात हवी

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

बियाणे, खते, हमीभाव, पीक विमा यांवर आपल्याकडे रोज निवेदने येत असतील. शेत कोणाच्या नावावर आहे, निर्णय कोण घेतो आणि हिशेब कोण कोणाला देतो, यावर मात्र क्वचितच कोणी लिहीत असेल. एकरी उतारा यावरही ठरतो, म्हणून हे पत्र.

आज शेतकरी कुटुंबापुढे दोनच पर्याय आहेत. सातबारा सामाईक ठेवायचा, नाहीतर वाटणी करून मोकळे व्हायचे.

सामाईक खात्याचे काय होते ते बघा. आजोबा गेले, वारसनोंद झाली, उताऱ्यावर भाऊ, बहिणी, एका मयत भावाची बायको आणि मुले अशी नावे चढली. प्रत्यक्षात कसतो एकटा धाकटा. कर्ज काढायचे तर सगळ्यांच्या सह्या, अतिवृष्टीची मदत आली तर सगळ्यांचे संमतीपत्र. हा त्रास दिसतो तरी. न दिसणारे नुकसान त्याहून मोठे आहे. उद्या वाटणीत जो तुकडा आपल्याला येईलच असे नाही, त्यात तो तलावातला गाळ का टाकील? ज्या बागेला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात, ती का लावील? तो हंगामी पीक घेतो, यंदा घातलेला पैसा यंदाच काढून घेतो. जमीन हळूहळू उतरत जाते, आणि यात त्याचा आळस कुठेही नाही.

म्हणून मग वाटणी. प्रत्येकाला रस्ता मिळावा, काळी आणि मुरमाड सारखीच यावी म्हणून उभ्या पट्ट्या पाडतात. भावाभावांत ते न्यायाचेच असते. पण ट्रॅक्टर शेताच्या दोन टोकांनाच वळत राहतो, बांधांखाली जमीन जाते, विहीर एकाच्या हद्दीत आणि पाळ्या सगळ्यांच्या. विहीर खोल करायची वेळ आली की खर्च कोणी घालायचा यावर दोन उन्हाळे निघून जातात. १९७०-७१ च्या कृषी गणनेत राज्यातले सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले.

लहान शेत म्हणजे नापीक शेत, असे माझे म्हणणे नाही. लहान शेतकरी एकरी अधिक पिकवतो, हे निरीक्षण अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्येच मांडले होते, आणि घरच्या माणसांची मेहनत हे त्यामागचे मोठे कारण आहे. पण मेहनत वाटून घेता येते, विहीर, शेततळे, अवजारे यांचे तुकडे होत नाहीत. त्यासाठी एकत्र क्षेत्र लागते आणि दहा वर्षांचा भरवसा लागतो.

हा भरवसा वरून लादता येत नाही. १९५९ च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव केला, चरणसिंगांनी तिथेच विरोध केला, आणि जमीन हातची जाईल या भीतीपोटी शेतकरी त्यात उतरलाच नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने झाली. खरेदी-विक्रीला त्या उपयोगी आहेत, पण बांधाच्या आतला कारभार त्या सोडवत नाहीत.

सरकारने वाटणी सोपी केली. २०२५ मध्ये शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली, त्याआधी २०२३ मध्ये अदलाबदलीसाठी सलोखा योजना आणली. दोन्ही चांगले निर्णय आहेत. एकत्र राहून नीट शेती करू पाहणाऱ्यांसाठी मात्र असे काहीच झाले नाही.

फ्रान्सने १९६२ मध्ये 'गाएक' नावाचा शेती-भागीदारीचा प्रकार कायद्यात आणला. बाप-लेक, भाऊ, शेजारी एकत्र कसतात, पण सरकारी लाभ ठरवताना प्रत्येक भागीदार स्वतंत्र शेतकरी म्हणून मोजला जातो. एकत्र आल्यामुळे कोणाचा हक्क कमी होत नाही. मला यातली ही एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आपण महसूल खात्याला सोबत घेऊन 'कुटुंब शेती भागीदारी'ची नोंदणी तहसील पातळीवर सुरू करावी. सातबाऱ्यावरचे हिस्से ज्याचे त्याच्याकडेच राहावेत आणि भागीदारीमुळे कूळहक्क, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला तिच्यावर मिळणारा हक्क, लागणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहावे. या एका भीतीने आज बटाई आणि खंडाचे बहुतेक व्यवहार तोंडी होतात. पीक कर्जाला आणि अनुदानाला नेमलेल्या कारभाऱ्याची सही पुरेशी व्हावी, आणि त्याने वर्षातून एकदा सर्व हिस्सेदारांना लेखी हिशेब द्यावा. कोणी बाहेर पडला तर बाग, ठिबक, विहीर यांत ज्याने पैसा घातला त्याला त्याचे मूल्य मिळावे. ही शेवटची तरतूद नसेल तर बाकीचे सारे कागदावरच राहील, कारण धाकट्या भावाचा हात तिथेच अडलेला आहे.

आणि बहिणींचे. राज्यात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क आहे. तरी वारसनोंद झाली की हक्कसोडपत्राचा कागद तिच्यापुढे येतो. न कसणाऱ्या हिस्सेदाराला आजच्या व्यवस्थेत जागाच नाही, म्हणून ती कसणाऱ्या भावाला अडचण वाटते. भागीदारीत तिचा हिस्सा नोंदलेला राहील, दरवर्षी त्याचा खंड तिच्या खात्यावर जमा होईल, आणि भावालाही सहीसाठी तिच्या दारात जावे लागणार नाही.

सुरुवातीला एखाद्या तालुक्यात, राजीखुशीने पुढे येणाऱ्या कुटुंबांपुरती ही नोंदणी सुरू करून बघावी. मसुदा करताना तलाठी आणि सामाईक खातेदार, दोघांनाही समोर बसवावे, ही विनंती.

आपली,
एक सामाईक खातेदार