इंग्रजीच्या तासाला सोयाबीनचा भाव

संपादक महोदय,

मी अंबाजोगाईत अकरावीला इंग्रजी शिकवते. 'प्रसारमाध्यमे आणि समाज' या विषयावरची उत्तरं मुलं घोकून लिहायची आणि घरी आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरचा वाट्टेल तो मजकूर पुढे धाडायची. परवा सोयाबीनच्या पडलेल्या भावाची बातमी दोन दैनिकांतून कापून फळ्यावर चिकटवली. मराठी मथळ्यात शेतकरी होता, इंग्रजीत नुसता बाजार. मागच्या बाकावरची, कधीच न बोलणारी मुलगी उठली नि अडखळत म्हणाली, "मॅडम, व्हेअर इज माय फादर इन धिस न्यूज?" घंटा झाली तरी वर्ग हलला नाही.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, तेही मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत! आज आमच्याकडच्या कितीतरी मुलांनी इंग्रजी दैनिक हातात धरलेलं नाही. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने निदान एक तरी घ्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, अंबाजोगाई (जि. बीड)