घर गरम झालं, पण कशानं?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री पाठवलेला भिंतीचा फोटो मी आधी फोनवर पाहिला आणि मग कॉम्प्युटरवर मोठा करून पुन्हा पाहिला. मेकॅनिकने नुसता थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारी ती भिंतीवरची डबी, बदलायला सांगितलेला आकडा ऐकून तू चिडलीस, ते मला कळतं. हे काम तुला जमण्यासारखं आहे. बाबा म्हणतात, कशाला नसती उठाठेव, माणूस बोलवून घे. पण घर तुझं आहे आणि नॉक्सव्हिलचे पुढचे कितीतरी हिवाळे तू त्यात काढणार आहेस. भिंतीमागे काय चाललंय ते तुला ठाऊक असलेलं बरं. फोनवर सांगितलं तर अर्धं विसरशील, म्हणून लिहून काढते. शनिवारी काम करताना हे जवळ ठेव.

तुझ्याकडे हीट पंप आहे, म्हणजे उन्हाळ्यात घर थंड आणि हिवाळ्यात गरम करणारं एकच यंत्र. फोटोत सहा बारीक तारा दिसतात, म्हणजे हे २४ व्होल्टचं काम आहे. तिथे जाड तारा असत्या आणि टोकांना पिळून बसवलेल्या टोप्या असत्या, तर ते भिंतीतल्या हीटरचं १२० किंवा २४० व्होल्टचं प्रकरण असतं आणि मी तुला हात लावू दिला नसता. तुझे २४ व्होल्ट एअर हँडलरमधल्या, म्हणजे घरात हवा फिरवणाऱ्या आतल्या युनिटमधल्या, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून येतात. हा ट्रान्सफॉर्मर साधारण ४० व्होल्ट-अँपिअरचा असतो. त्यानं तुला इजा होणार नाही, पण तू मात्र त्याला सहज जाळू शकतेस. चालू सप्लायमध्ये लाल तार चुकून कॉमनला, म्हणजे सप्लायच्या परतीच्या तारेला, टेकली, तर नव्या युनिटच्या बोर्डावरचा ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज उडतो. मोटारीत असतो तसाच असतो तो, दुकानात मिळतो. जुन्या युनिटमध्ये फ्यूजच नसेल तर थेट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि मग हिवाळ्याच्या रात्री घरात काहीच चालत नाही.

म्हणून आधी ब्रेकर. तुझ्या पॅनलमध्ये बाहेरच्या युनिटचा वेगळा आणि आतल्या एअर हँडलरचा वेगळा असेल, कधीकधी आतल्याचे दोन असतात. सगळे पाड. मिरजेला तुझे आजोबा वायरमन होते. तार मेली असं मानायचं नाही, बघायचं, असं ते आम्हा भावंडांना सांगायचे. त्यांच्या खिशात कायम टेस्टर असायचा. पण तो टेस्टर २४ व्होल्टवर पेटत नाही, आणि तुझ्याकडचा नुसता तारेजवळ नेला की पिपाणी वाजवणारा टेस्टरही इथे गप्पच राहील. तू मल्टीमीटर घे आणि एसीवर लाव. ब्रेकर पाडण्याआधी लाल आणि निळ्या तारेत मोज, २४ ते २८च्या आसपास दिसेल. पाडल्यावर पुन्हा मोज, शून्य दिसलं पाहिजे. जुन्या थर्मोस्टॅटचा पडदा उजळलेला आहे की नाही यावरून काही ठरवू नकोस, त्यात सेल असतात.

आता निळ्या तारेकडे ये. मला खरी काळजी तिचीच आहे.

तुझ्या जुन्या थर्मोस्टॅटच्या पाटीवर तारा अशा आहेत: लाल आर-ला, पिवळी वाय-ला, हिरवी जी-ला, केशरी ओ-ला, पांढरी डब्ल्यू-ला आणि निळी बी-ला. लाल म्हणजे येणारा सप्लाय. पिवळी कॉम्प्रेसर चालू करते, हिरवी पंखा. केशरी रिव्हर्सिंग व्हॉल्व्हची, म्हणजे नळ्यांतला उष्णता वाहून नेणारा गॅस कुठल्या दिशेनं फिरायचा आणि घर थंड करायचं की गरम, हे तिच्यावर ठरतं. नव्या थर्मोस्टॅटवर ओ आणि बी यांची मिळून एकच जागा असते, कारण काही कंपन्या थंड करताना व्हॉल्व्हला सप्लाय देतात आणि रीम, रूडसारख्या काही गरम करताना. पहिल्याला ओ म्हणतात, दुसऱ्याला बी. व्हॉल्व्ह एकच असतो, त्यामुळे एका घरात दोन्ही लागत नाहीत. मग तुझ्याकडे दोन्हींना तारा कशा? तुझं बाहेरचं युनिट ट्रेन (Trane) कंपनीचं आहे, आणि त्यांच्या जुन्या पाट्यांवर बी म्हणजे कॉमन. इतर जण ज्याला सी म्हणतात तेच. ही निळी तार तू अक्षर बघून नव्या पाटीच्या ओ/बी-त खुपसलीस, तर व्हॉल्व्ह चालू व्हायच्या क्षणी सप्लाय सरळ कॉमनला जाऊन शॉर्ट होईल. नव्या थर्मोस्टॅटचं अ‍ॅप तुला विचारेल, कुठल्या अक्षरांना तारा आहेत? तू खरं उत्तर देशील आणि तरीही ते चुकीचं ठरेल.

मीटरनं खात्री करू असं तुला वाटेल. इथे मीटर फसवतो. लाल आणि पिवळीत मोजलंस तरी २४ दिसतील, लाल आणि केशरीतही दिसतील, कारण त्या तारा पलीकडे एकेका कॉइलमधून कॉमनलाच जाऊन मिळतात. मीटर इतका थोडा करंट घेतो की कॉइल त्याच्या आड येत नाही. म्हणून दोन व्होल्टेज बघून निळी तार कॉमन आहे असं म्हणता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच: ब्रेकर पाडलेले असताना एअर हँडलरचं झाकण उघड आणि निळी तार तिथे कुठे जोडली आहे ते डोळ्यांनी बघ. झाकणाच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असतो, त्याचा फोटो घे. रंगांवरही विसंबू नकोस. लाल, पिवळा, हिरवा ही फक्त पद्धत आहे. तार ओढणाऱ्यानं त्या दिवशी जी हाताला लागली ती लावली असेल, सांगता येत नाही.

निळी खरंच कॉमन निघाली तर ती नव्या पाटीच्या सी-ला. आणि हा तुझा फायदाच आहे. वायफायच्या बहुतेक थर्मोस्टॅटना सी लागतो, आणि कित्येकांना त्यासाठी नवी केबल ओढावी लागते. केशरी ओ/बी-ला, आणि सेटिंगमध्ये ओ निवड. पांढरी डब्ल्यू-वनमध्ये नाही, डब्ल्यू-टू किंवा ऑक्स (म्हणजे मदतीचा जादा हीटर) लिहिलेलं असेल तिथे.

या पांढऱ्या तारेपायी आमचा एक हिवाळा वाया गेला. केरीतल्या पहिल्या घरात २०११च्या डिसेंबरात मी स्वतः थर्मोस्टॅट बदलला होता. तू तेव्हा लहान होतीस. जोडणी नीट केली होती, एकही तार सैल नव्हती. पण सुरुवातीच्या सेटिंगमध्ये विचारलं, यंत्रणा कुठली, साधी की हीट पंप? डब्ल्यू-ला तार दिसत होती, म्हणून मी साधी निवडली. घर झकास गरम झालं. आधीच्यापेक्षा जास्तच, आणि झरोक्यातून हवाही छान कढत यायची. आम्ही खूश होतो. जानेवारीचं बिल आलं ते आधीच्या महिन्याच्या जवळजवळ अडीचपट. बाबांना वाटलं थंडी जास्त पडली. मी कचरा टाकायला मागच्या बाजूला गेले तेव्हा बाहेरच्या युनिटच्या जाळीवर पाइनच्या सुयांचा जाड, सपाट थर दिसला. पंखा फिरत असता तर एक सुई तिथे टिकली नसती. महिनाभर ते यंत्र एकदाही चाललं नव्हतं. अख्खं घर एअर हँडलरमधल्या हीट स्ट्रिप्सवर तापत होतं, पाणी तापवायच्या कॉइलसारख्या, फक्त दहा किलोवॅटच्या. तासाला दहा युनिटं. हीट पंप चालता तर बेताच्या थंडीत अडीच-तीन किलोवॅटमध्ये तेवढंच काम झालं असतं, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो.

म्हणून सगळं जोडून झाल्यावर घर गरम होतंय का हे बघू नकोस, ते कशानं गरम होतंय ते बघ. ब्रेकर वर कर, पाच मिनिटं थांब, कॉम्प्रेसरला थांबून पुन्हा सुरू व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग हीटवर लावून आकडा फक्त दोन अंशांनी वाढव. पडद्यावर ऑक्स दिसता कामा नये. बाहेर जा, पंखा फिरतोय आणि वरून थंडगार हवा येतेय असं दिसेल. मग आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधल्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी जाड, फोम गुंडाळलेली नळी बघ. फोम जरा बाजूला करून हलकेच बोट लाव, जपून, ती चांगलीच तापते. गरम असेल तर काम बरोबर. थंड असेल तर ओ आणि बी उलटं सेट झालंय. आणि तेव्हासुद्धा थोड्या वेळानं स्ट्रिप्स मदतीला धावतात आणि सगळं ठीक चाललंय असं वाटू लागतं. म्हणून नळीला हात लावल्याशिवाय कव्हर बसवू नकोस.

हवा कोमट लागली तर घाबरू नकोस. हीट पंपची हवा बहुतेक वेळा ९० फॅरनहाइटच्या आसपास असते, आपल्या अंगापेक्षा थंड, म्हणून हाताला गार वाटते.

ऑक्सची सेटिंग शोध. बाहेर ४० फॅरनहाइटच्या वर असताना स्ट्रिप्स लागू नयेत असं ठरवता येतं, ते कर. रात्री आठ-दहा अंश उतरवून सकाळी एकदम चढवायची सवय गॅसच्या भट्टीवाल्यांची. तुझ्याकडे तसं केलंस तर वाचवलेलं सगळं सकाळच्या अर्ध्या तासात स्ट्रिप्स खातील. एक-दोन अंशांपलीकडे जाऊ नकोस. इमर्जन्सी हीट हे बटण बाहेरचं युनिट खरोखर बंद पडलं तरच वापरायचं, कडाक्याची थंडी आहे म्हणून नाही.

एखाद्या दमट, गोठवणाऱ्या पहाटे बाहेरचं युनिट एकाएकी फुसकारेल, पंखा थांबेल आणि भसकन वाफ निघेल. आग नाही ती. कॉइलवरचा बर्फ वितळवायला ते काही मिनिटं उलटं चालतं.

आणि भिंतीतलं ते तारांचं भोक पुट्टीनं बुजव. भिंतीच्या पोकळीतली गार हवा तिथून थेट सेन्सरवर येते आणि थर्मोस्टॅटला वाटतं, घर अजून थंडच आहे.

जुना थर्मोस्टॅट टाकू नकोस, हा उन्हाळा जाईपर्यंत कपाटात ठेव. शनिवारी दुपारी कर, उजेड असताना. एअर हँडलरचं झाकण काढलंस की निळ्या तारेचा फोटो आधी मला पाठव, मी फोन हातातच ठेवते. मी हो म्हणेपर्यंत ब्रेकर वर करू नकोस.

तुझी,
आई