हायब्रीड हार्ड डिस्क म्हणजे एसएसडी नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजं सुरू होण्याच्या दिवसांत इंदुरात जुन्या लॅपटॉपची विक्री जोरात असते. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलांना नवा लॅपटॉप परवडत नाही, म्हणून ती वापरलेला घेतात. त्यात गैर काहीच नाही, पाच-सहा वर्षं जुना चांगला लॅपटॉप आजही अभ्यासाला पुरतो. मी रामबागेत संगणक दुरुस्तीचं काम करते. वडील याच जागेत रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, त्यामुळे आसपासची मराठी घरं काहीही बिघडलं की आधी आमच्याकडे येतात. अलीकडे एक तक्रार सारखी कानावर येते: ‘ताई, एसएसडीवाला म्हणून घेतला, मग एवढा रखडतो का?’ एसएसडी म्हणजे आत काहीही न फिरणारी, नुसत्या मेमरी चिपांवर चालणारी वेगवान डिस्क.

परवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा असाच लॅपटॉप घेऊन आला. बिलावर ‘१ टीबी एसएसडी’ असं स्वच्छ लिहिलेलं. मागचं झाकण उघडलं तर आत हायब्रीड हार्ड डिस्क. लेबलवर ‘एसएसएचडी’, म्हणजे हायब्रीडचंच छोटं नाव, छापलेलं होतं आणि तळहातावर ठेवल्यावर आतली तबकडी फिरतानाची थरथर सरळ जाणवत होती. दुकानदाराला फोन केला तर त्याचं उत्तर, ‘भिया, एसएसडी ही समझो, हायब्रीड है.’ आईवडिलांनी पैसे जोडून दिलेल्या मुलाला असं उत्तर मिळावं याचा मला मनापासून राग आला, म्हणून हे पत्र.

हायब्रीड हार्ड डिस्क म्हणजे मुळात नेहमीची, फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क. तिच्या सर्किट बोर्डावर फ्लॅश मेमरीची एक छोटी चिप जोडलेली असते. बहुतेकांत ती ८ जीबीची असते. १ टीबीच्या डिस्कमध्ये ८ जीबी, म्हणजे शंभरातला एक हिस्साही नाही. ही जागा आपल्याला वेगळी दिसत नाही आणि तिच्यात काय ठेवायचं हे आपल्याला ठरवताही येत नाही. डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर, तबकडीवरचे कोणते तुकडे पुन्हा पुन्हा मागितले जातात यावर लक्ष ठेवतं आणि त्यांची एकेक प्रत चिपमध्ये करून ठेवतं. फाइल कसली आहे, कोणाची आहे, हे त्याला कळत नाही. त्याला फक्त तुकड्यांचे नंबर कळतात.

एवढ्याशा चिपने फरक का पडतो, तर त्यामागे साधा हिशेब आहे. लॅपटॉपची तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो तुकडा हेडखाली (माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसती वाट पाहायची. शिवाय हेड सरकून योग्य पट्ट्यावर जायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. असं करत सेकंदाला साठ-सत्तरच विखुरलेले तुकडे वाचून होतात आणि विंडोज सुरू होताना तर असे हजारो तुकडे लागतात. चिपमधला तुकडा मात्र मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हातात येतो. साध्या हार्ड डिस्कमध्येही थोडी कॅश मेमरी असते, पण वीज गेली की ती कोरी. फ्लॅश चिपमधलं लॅपटॉप बंद केल्यावरही टिकतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी विंडोज लवकर उघडतं. विंडोज नव्याने टाकलं की पहिल्यांदा संथच चालतं, दोन-तीनदा सुरू केल्यावर वेग येतो, कारण डिस्कला आपली सवय शिकायला तेवढा वेळ लागतो.

ही कल्पना वाईट नव्हती, उलट आपल्या काळात चांगलीच होती. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर पहिल्या हायब्रीड आल्या तेव्हा त्यांत जेमतेम २५६ एमबी फ्लॅश होती आणि सगळा कारभार विंडोजच्या मर्जीवर चालायचा. त्या फारशा चालल्या नाहीत. २०१० मध्ये सीगेट कंपनीची मोमेंटस एक्सटी ही हायब्रीड डिस्क आली. तिच्यात ४ जीबी फ्लॅश होती आणि काय जवळ ठेवायचं हे डिस्क स्वतःच ठरवायची, त्यामुळे विंडोज असो की लिनक्स, कशावरही ती चालायची. २०११ च्या पुढच्या मॉडेलमध्ये फ्लॅश ८ जीबी झाली. त्या काळी ५०० जीबीची एसएसडी घ्यायची तर लॅपटॉपपेक्षा जास्त पैसे मोजावे लागायचे. भरपूर जागा आणि बऱ्यापैकी वेग एकाच डिस्कमध्ये, तेही साध्या डिस्कपेक्षा थोडेच पैसे जास्त देऊन मिळत होता. मी स्वतः त्या वर्षांत लोकांना ती घ्या म्हणून सांगत असे, आणि तो सल्ला तेव्हा बरोबरच होता. आता एसएसडी स्वस्त झाल्या, तिथेच गणित बदललं.

कोणाला ती आजही पुरते हे सांगायला माझ्या आळीतले एक गुरुजी आहेत. पत्रिका करायचं एक सॉफ्टवेअर, पंचांग, थोडा पत्रव्यवहार, रोज तेच आणि तेवढंच काम. ते सगळे तुकडे त्या ८ जीबीत बसून गेलेत. त्यांचा हायब्रीड डिस्कचा जुना लॅपटॉप आजही चटकन उघडतो, आणि मी तो बदलायला सांगितलेला नाही. टॅलीवर रोजचा जमाखर्च लिहिणाऱ्यांचंही बरंचसं असंच.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं नेमकं उलट. एका समारंभाचे साठ-सत्तर जीबी फोटो आणि व्हिडिओ ओतायचे, एकदा बघायचे, निवडायचे. यातलं काहीच पुन्हा पुन्हा मागितलं जात नाही, तर चिप करणार काय? शिवाय लिहिण्याचं बहुतेक काम थेट तबकडीवरच होतं, तिथे वेग साध्या हार्ड डिस्कचाच. त्यात नंतरच्या काही अडीच इंची हायब्रीड डिस्कमध्ये जागा वाढवण्यासाठी तबकडीवरचे पट्टे घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची उचलावी लागतात, तसं थोडं लिहायलाही पुढचा बराच भाग पुन्हा लिहावा लागतो. मोठी फाइल टाकताना सुरुवातीला वेग चांगला वाटतो आणि मग एकदम बसतो, तो यामुळे.

तबकडी आहे म्हणजे तिचे धोकेही आहेत. चालू लॅपटॉप पलंगावरून पडला तर हेड तबकडीवर आपटू शकतं, चिपचा इथे काही उपयोग नाही. आवाज, उष्णता आणि बॅटरीचा खर्च, तिन्ही एसएसडीपेक्षा जास्त. एक बाजू मात्र हायब्रीडची भक्कम आहे: चिपमध्ये असते ती बहुतांशी प्रत, मूळ माहिती तबकडीवर. ॲपलने २०१२ मध्ये आणलेल्या फ्यूजन ड्राइव्हमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क वेगवेगळ्या असून त्यांना जोडून एक केलं होतं आणि माहिती दोन्हींत वाटलेली असायची, त्यामुळे दोनपैकी एक गेली तरी सगळंच अडायचं. आणखी एक. हार्ड डिस्क बिघडायच्या आधी बहुधा कुरकुर करते, टकटक वाजते, फाइल उघडायला वेळ लावते. हे ऐकू आलं की त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, ‘बघू रविवारी’ म्हणू नका. एसएसडी पुष्कळदा काहीही न सांगता एका सकाळी बंद पडते, आणि तिच्यावरून चुकून डिलीट केलेली फाइल परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं.

आता घेणाऱ्याने ओळखायचं कसं. पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉप सुरू करा. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडा, ‘मीडिया टाइप’च्या रकान्यात ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ आहे की ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ ते वाचा. हायब्रीड तिथे हार्ड डिस्क म्हणूनच दिसते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन गेलात तर उत्तमच. त्यात फिरण्याचा वेग ५४०० किंवा ७२०० दिसला तर आत तबकडी आहे, दुकानदार काहीही म्हणो. तिथेच डिस्क आजवर किती तास चालली तेही कळतं, आणि ‘रीॲलोकेटेड सेक्टर’च्या (खराब झाले म्हणून डिस्कने बदललेल्या तुकड्यांच्या) ओळीसमोर पिवळा किंवा लाल ठिपका दिसला तर तो लॅपटॉप घेऊ नका. दुकानदार हे बघू देत नसेल तर उठून या. बाजारात दुकानं पुष्कळ आहेत.

बिलावर डिस्कचा प्रकार आणि मॉडेल नंबर लिहून घ्या. मागितलं तर बहुतेक दुकानदार देतात, आपण मागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि तिथे हिंदीत बोलता येतं. त्या मुलाने मी दिलेली चिठ्ठी आणि डिस्कच्या लेबलचा फोटो घेऊन दुकान गाठलं, तेव्हा फरकाची रक्कम परत मिळाली.

ज्यांच्याकडे हायब्रीड आहेच त्यांनी ती फेकू नये. लॅपटॉपमध्ये २५० किंवा ५०० जीबीची एसएसडी टाकून विंडोज तिच्यावर घ्या, आणि काढलेली हायब्रीड यूएसबी केसिंगमध्ये घालून घरातले फोटो, दाखले, आजीआजोबांचे आवाज यांच्या प्रतीसाठी ठेवा. मात्र ती दुसरी प्रत असावी, एकुलती एक नव्हे.

आपण शाळा-कॉलेजच्या दिवसांत खरेदीविषयी माहिती छापता. त्यात वरची ओळखण्याची पद्धत चौकट करून दिलीत तर इथल्या मुलांचे पैसे वाचतील, एवढी विनंती.

आपली,
एक वाचक व संगणक दुरुस्ती करणारी, रामबाग, इंदूर